भूगर्भातील वायू आणि त्याचे साक्षीदार

इ. स. १७७६ च्या शरद ऋतूत उत्तर इटलीतील फादर कार्लो ज्युसेप्पे काम्पी यांनी आपल्या एका मित्राला एक हकिगत कळवली. मिलान शहराच्या आग्नेयेस, लोंबार्दीच्या सपाट मुलखात, सान कोलोंबानो नावाची एक एकाकी टेकडी आहे. तिच्या परिसरात फादरांना एक झरा आढळला होता. त्याच्या पाण्यातून बुडबुडे येत आणि त्यांच्याजवळ ज्योत नेली की ते पेट घेत. काम्पींचा हा मित्र म्हणजे कोमो येथे पदार्थविज्ञान शिकवणारे एकतीस वर्षांचे आलेस्सांद्रो व्होल्टा. पुढे १८०० मध्ये ज्यांनी विजेची पहिली बॅटरी तयार केली आणि ज्यांच्या नावाने आज आपण विजेचा दाब मोजतो, तेच हे व्होल्टा. येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकलेले, अखेरपर्यंत श्रद्धावंत राहिलेले आणि ज्यांच्या घराण्यात धर्मगुरूंची वाण नव्हती असे हे गृहस्थ होते.

काम्पींची हकिगत व्होल्टांच्या मनात घर करून राहिली. अशा झऱ्याचा शोध घेत ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माज्जोरे सरोवरावरील आंजेरा या गावी होते. नावेत बसून त्यांनी लव्हाळ्यांच्या काठाशी तळातला चिखल काठीने ढवळला. बुडबुडे भराभर वर आले. पाण्याने भरलेली बाटली उपडी धरून त्यांनी ते तीत साठवले आणि तोंडाशी ज्योत नेली. वायू निळसर, संथ ज्योतीने जळू लागला. १४ नोव्हेंबर रोजी त्यांनी हे सारे काम्पींना लिहून कळवले. एकामागून एक अशी सात पत्रे झाली आणि १७७७ मध्ये ती मिलान येथे पुस्तकरूपाने छापली गेली. आज आपण ज्याला मिथेन म्हणतो त्या वायूच्या शास्त्रीय इतिहासातला पहिला महत्त्वाचा ग्रंथ हा असा एका धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रांचा संग्रह आहे.

आपल्याकडे खाजणात उतरलेल्या माणसाला हे बुडबुडे नवे नाहीत. चिखलात पाय रुतला की ते वर येतात आणि आपण नाक मुरडून पुढे जातो. (वास येतो तो मिथेनचा नव्हे, त्याच्या सोबत्याचा. मिथेनला स्वतःचा वास नाही, रंगही नाही.) नाक मुरडून पुढे जाणे आणि बाटली घेऊन थांबणे यांत जे अंतर आहे, तेच या लेखाचा विषय म्हणता येईल.

शालेय पुस्तकांत व्होल्टा उरले, काम्पी गळाले. धर्मगुरूला त्याच्या वाट्यापेक्षा अधिक श्रेय मिळवून द्यावे असा आमचा हेतू नाही. काम्पींनी वायूचे पृथक्करण केले नाही. त्यांनी तो पाहिला आणि ज्याला तो कळेल त्याला सांगितला, एवढेच. परंतु भूमीतून आपोआप पाझरणाऱ्या या वायूचा इतिहास चाळू लागले की ध्यानात येते, की तो फार मोठ्या प्रमाणावर साक्षीदारांचा इतिहास आहे. कोणी प्रत्यक्ष पाहिले, कोणी ऐकले, आणि पाहणाऱ्याने आपल्या पाहण्यात किती भर घातली, हा प्रश्न येथे पदोपदी उभा राहतो. त्या साक्षीदारांत ख्रिस्तसभेची माणसे पुष्कळ आहेत.

त्यांतले सर्वांत जुने बहुधा संत मेथोडिअस. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर प्राचीन लिसिया प्रांतात ऑलिम्पस नावाचे नगर होते. तेथील बिशप म्हणून मेथोडिअस ओळखले जातात आणि इ. स. ३११ च्या सुमारास ते हुतात्मा झाले अशी परंपरा आहे. त्या नगरामागच्या डोंगरउतारावर खडकांच्या भेगांतून आजही डझनावारी ज्योती जळतात. तुर्की लोक त्या जागेला यानारताश, म्हणजे जळता दगड, म्हणतात. ग्रीकांनी त्याच प्रदेशात कायमिरा या आग ओकणाऱ्या राक्षसीची कथा कल्पिली. मेथोडिअस यांनी पुनरुत्थानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी हा अग्नी स्वतः पाहिल्याचे नमूद केले आहे. त्यांचे लक्ष मात्र ज्योतींपेक्षा त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या निर्गुडीच्या जातीच्या एका झाडाकडे अधिक होते. आगीच्या सान्निध्यात असूनही ते झाड हिरवेगार होते. यातून त्यांनी काढलेला धर्मशास्त्रीय अर्थ हा वेगळा विषय आहे. आमच्या दृष्टीने मोलाचे हे, की सतराशे वर्षांपूर्वीच्या एका साक्षीदाराने जागा, ज्योत आणि झाड या तिन्हींची नोंद करून ठेवली आणि त्या नोंदीमुळे ही आग किती जुनी आहे हे सांगायला आज आधार मिळतो.

संत ऑगस्टीन यांची साक्ष याहून उद्बोधक आहे. इ. स. ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात ते सृष्टीतील अनेक नवलांचा उल्लेख करतात. ज्यांचे कारण देता येत नाही अशा कितीतरी गोष्टी खऱ्या असतात, हे त्यांना दाखवायचे आहे. तेथे एपिरस प्रांतातल्या एका झऱ्याची गोष्ट येते: पेटत्या मशाली त्यात विझतात आणि विझलेल्या पेटतात. ही गोष्ट त्यांच्या युक्तिवादाला अगदी सोयीची होती. तरीही ते थांबून सांगतात, की एपिरसचा झरा पाहिलेला कोणी आपल्याला भेटलेला नाही. पण गॉल देशात ग्रेनोबल नगराजवळ असाच झरा आहे आणि तो पाहिलेली माणसे आपल्या परिचयाची आहेत. हिप्पोचा हा बिशप प्रवचनाच्या ओघात वाहून न जाता ऐकीव आणि पाहिलेले यांत रेघ ओढतो, हे आम्हा प्रवचनकारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. ग्रेनोबलच्या दक्षिणेस ल ग्वा या गावाजवळचा 'जळता झरा' तो हाच, असे मानले जाते. दोफिने प्रांताच्या सात आश्चर्यांत त्याची गणना होई.

हे अग्नी कशाने जळतात ते येथेच सांगून टाकलेले बरे. मिथेन म्हणजे कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू. भूमीत तो तीन वाटांनी तयार होतो. दलदलीत, तळ्याच्या गाळात, पाण्याखालच्या भातशेतीत कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर काही सूक्ष्म जंतू जगतात आणि हवेवाचून चाललेल्या त्यांच्या या व्यवहारातून मिथेन बाहेर पडतो. दुसरी वाट खोल जमिनीतली. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडले गेलेले सेंद्रिय अवशेष उष्णतेने आणि दाबाने शिजतात आणि दगडी कोळसा व खनिज तेल यांच्यासोबत हा वायू निपजतो. तिसरी वाट क्वचित आढळते. काही विशिष्ट खडकांची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि त्याचा कार्बनशी संयोग होतो. यात सजीवांचा संबंध येत नाही. मेथोडिअस यांनी पाहिलेल्या ज्योतींचा वायू बऱ्याच अंशी या तिसऱ्या जातीचा आहे.

खोलवरचा वायू हलका असल्याने वर येऊ पाहतो. खडकांत भेग सापडली की तो जमिनीवर पोचतो. कोठे ज्योत, कोठे बुडबुडे, कोठे चिखलाचे उकळते डोंगर अशी त्याची रूपे दिसतात. आपल्या अंदमानातील बाराटांग बेटावर असे चिखलाचे ज्वालामुखी आहेत. परंतु बराच वायू कोणाच्या नजरेस न पडता विस्तीर्ण प्रदेशावर मातीच्या रंध्रांतून झिरपतो. यातला सगळा हवेत पोचत नाही, कारण मातीतच मिथेनवर जगणारे दुसरे जंतू असतात आणि ते त्याचा मोठा वाटा वाटेतच फस्त करतात. समुद्रतळीही हा व्यवहार चालू असतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या गाळात वायू साठलेला असल्याचे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दाखवून दिले. आपले मच्छीमार बांधव ज्या पाण्यावर जाळी टाकतात, त्याच्या तळाशी हा व्यवहार चालला आहे.

जेथे ज्योत उघड्यावर जळते तेथे माणूस हात जोडतो, हे सर्वत्र दिसते. कास्पियन समुद्रकाठच्या बाकू शहराजवळ सुराखानी येथे आतेशगाह नावाचे अग्निमंदिर आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत मुलतानकडचे आणि उत्तर हिंदुस्थानातले व्यापारी तेथे ये-जा करीत. त्यांच्या आश्रयाने तेथे संन्यासी राहत. भिंतींवरच्या शिलालेखांत बहुतेक देवनागरीत कोरलेले आहेत, काही गुरुमुखीत. श्रीगणेशाला वंदन करून सुरू होणारी ती अक्षरे, इतक्या दूरच्या मुलखात, मराठी वाचकाला डोळ्यांनी ओळखता येतात. पुढे त्या परिसरात तेल आणि वायू यांचा उपसा सुरू झाला आणि जमिनीतून येणारी मूळ ज्योत विझली. आज तेथे जळते ती नळाने आणलेल्या वायूवर.

हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी येथील देवीच्या मंदिरात मात्र खडकातून येणाऱ्या ज्योती अद्याप जळत आहेत. स्वतंत्र भारताच्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने आपली पहिली शोधविहीर १९५७ मध्ये खोदली ती याच परिसरात. वायूची चिन्हे मिळाली. व्यापारी प्रमाणात साठा काही लागला नाही. ज्योतीचे कारण कळले म्हणून तेथे डोके टेकवणाऱ्याची हेटाळणी करावी असे आम्हांला वाटत नाही. कारण दडवून भाविकांना भुलवावे हेही आम्हांला मान्य नाही. आपल्या शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलताना ख्रिस्ती माणसाने दोन्ही बाजूंचा तोल सांभाळला पाहिजे. आपल्या स्वतःच्या यात्रास्थळांविषयी बोलताना तर अधिकच.

मिशनरींच्या कागदपत्रांतही हा वायू भेटतो. १६६९ च्या ऑगस्टमध्ये सल्पिशियन संघाचे गालिने हे फ्रेंच प्रवासी ला साल यांच्यासोबत आजच्या न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, सेनेका या मूळ रहिवाशांच्या मुलखात होते. तेथल्या लोकांनी दाखवलेल्या एका झऱ्याची नोंद त्यांनी केली: मशाल लावली की पाणी ब्रँडीसारखे पेटते. उपमा फ्रेंच माणसाची, पण निरीक्षण चोख. त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी चीनच्या सिचुआन प्रांतातून पॅरिस मिशन संस्थेचे फादर लोराँ एंबेर यांनी पत्रे लिहिली. तेथे मिठागराच्या विहिरी होत्या, बांबूच्या दोराला लोखंडी पहार बांधून वर्षानुवर्षे ठोकत ठोकत खोल नेलेल्या. त्यांपैकी काहींतून ज्वलनशील वायू येई. चिनी कामगार तो बांबूच्या नळ्यांतून भट्ट्यांपर्यंत नेत आणि त्यावर खारे पाणी आटवून मीठ काढीत. युरोपात शहरांचे दिवे वायूवर नुकतेच कोठे पेटू लागले होते, त्या काळात शतकांपासून चालत आलेली ही चिनी कारागिरी एंबेर यांनी बारकाईने वर्णिली आणि श्रद्धाप्रसाराच्या कार्याला वाहिलेल्या फ्रेंच वार्षिकांत ती छापून आली. तोंडात बोट घालून 'काय हे नवल' एवढेच त्यांनी लिहिले असते तर त्या पत्रांना आज कोणी विचारले नसते. एंबेर पुढे कोरियाचे बिशप झाले. छळाच्या काळात आपल्या लोकांवरचे संकट टळावे म्हणून ते स्वतःहून अधिकाऱ्यांच्या हाती गेले आणि २१ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये सेऊल येथे ज्या कोरियन हुतात्म्यांना संतपद बहाल केले, त्यांत ते आहेत.

आता पुन्हा व्होल्टांकडे वळू. तळ्याच्या चिखलातला वायू ओळखल्यावर त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न आला. बोलोन्या आणि फ्लॉरेन्स यांच्या मधोमध आपेनाइन पर्वतात पिएत्रामाला नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारच्या शेतात जमिनीतून ज्वाला निघत. प्रवासी त्या पाहून जात आणि तेथे ज्वालामुखीचा उद्रेक होऊ घातला आहे, असे सांगत. १७८० मध्ये व्होल्टा तेथे गेले. तेथे दगड वितळत नव्हते, राख नव्हती. होता तो त्यांचा जुना परिचित वायू. जळत्या जमिनींविषयी त्यांनी लिहिलेला निबंध १७८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक गोष्ट त्यांना कळणे त्या काळी शक्य नव्हते. आंजेराच्या चिखलातला वायू आणि पिएत्रामालाच्या शेतातला वायू यांची ज्योत एकसारखी निळी, एकाला जळायला जेवढी हवा लागते तेवढीच, म्हणजे दसपट, दुसऱ्यालाही लागते. पण पहिला परवा-परवाच्या पाल्याचा, दुसरा लक्षावधी वर्षांपूर्वीचा. नजरेला, नाकाला, तराजूला हा भेद कळत नाही. तो कळायला आणखी एकशे साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

मधल्या काळातल्या घडामोडींचा ओझरता उल्लेख पुरे. १८१४ मध्ये हम्फ्री डेव्ही आणि त्यांचे तरुण सहायक मायकेल फॅरेडे पिएत्रामालाला गेले, वायू भरून आणला आणि फ्लॉरेन्स येथे त्याची परीक्षा केली. त्यापूर्वी दोन वर्षे, २५ मे १८१२ रोजी, इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत याच वायूचा स्फोट होऊन ९२ जण दगावले होते; त्यांत अल्पवयीन मुलेही होती. तेथील अँग्लिकन धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी मृतांची नावे व वये यांसह त्या दुर्घटनेची सविस्तर हकिगत छापली. अशा बातम्या बाहेर जाऊ नयेत असा खाणमालकांचा तेव्हा कल असे. तिकडचे धर्मगुरू आणि सज्जन यांच्या आग्रहामुळे डेव्हींनी १८१५ मध्ये तारेच्या जाळीचा सुरक्षित दिवा तयार केला आणि जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत तो प्रथम वापरून पाहण्यात आला. मिथेन हे नाव फार नंतरचे. १८६६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी ते सुचवले.

वायूचे वय सांगणारा पुरावा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. वातावरणात विश्वकिरणांमुळे कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन अल्प प्रमाणात सतत तयार होतो आणि हवेतून वनस्पतींत, वनस्पतींतून प्राण्यांत जातो. जीव मेला की त्याचा पुरवठा थांबतो. सुमारे ५,७३० वर्षांनी तो निम्मा उरतो आणि पन्नास-साठ हजार वर्षांत मोजण्याजोगा राहत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांच्या चमूने १९४७ मध्ये हे तपासले ते मिथेन वापरूनच. बाल्टिमोर शहराच्या मैल्यापासून निघालेल्या मिथेनमध्ये कार्बन-१४ सापडला. खनिज तेलापासूनच्या मिथेनमध्ये सापडला नाही. थडग्यांतल्या आणि उत्खननांतल्या वस्तूंचे वय ज्या पद्धतीने आज सांगितले जाते, तिचा पाया असा गटाराच्या वायूने घातला. लिबींना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या भेदावर माणसांचे न्याय-अन्याय ठरू शकतात, हे इंग्लंडमध्ये १९८४ साली दिसून आले. लँकेशायरमधील ॲबीस्टेड येथे डोंगरातून बोगदा खोदून नदीचे पाणी नेण्याची योजना होती. त्या पाण्यामुळे आपल्या गावी पूर येईल अशी भीती सेंट मायकल्स या खेड्यातील लोकांना होती. त्यांची खात्री पटवण्यासाठी २३ मे रोजी संध्याकाळी त्यांना भूमिगत पंपघर दाखवायला नेले. एकूण ४४ माणसे आत होती. पंप सुरू होताच बोगद्यात साठलेला वायू पुढे रेटला गेला आणि स्फोट झाला. १६ जण मरण पावले. तो वायू आला कोठून? पाण्यातला पाला कुजून झाला असता तर प्रश्न एका प्रकारचा होता. खोल खडकांतून पाझरत आला असेल तर तो तेथे येऊ शकतो हे आराखडा करणाऱ्यांना कळायला हवे होते काय, हा प्रश्न वेगळा. तपासणीत वायू प्राचीन, भूगर्भातला ठरला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने आराखडा करणाऱ्यांना जबाबदार धरले. शेजाऱ्याची भीती घालवण्यासाठी बोलावलेली ती खेड्यातली माणसे आणि त्यांच्या पायाखालचा तो वास नसलेला वायू यांचा विचार मनातून लवकर जात नाही.

आज हाच प्रश्न साऱ्या पृथ्वीच्या प्रमाणावर विचारला जात आहे. फादर काम्पींच्या मुलखातच त्याची मुळे पाहता येतात. सान कोलोंबानोपासून फार दूर नसलेल्या कावियागा येथे १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. युद्धानंतर एन्रिको मात्तेई यांनी या साठ्याच्या बळावर इटलीच्या वायू-उद्योगाची उभारणी केली आणि पो नदीच्या खोऱ्यातला वायू नळांनी कारखान्यांत आणि स्वयंपाकघरांत पोचला. जो वायू झऱ्यातून थेंबाथेंबाने येत होता तो आता विहिरींतून, नळांतून, झडपांतून वाहू लागला. आणि जेथे नळ तेथे गळती. जगभर हेच झाले. १७५० च्या सुमारास हवेच्या एक अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७०० भाग होते. आज ते १,९०० च्या वर गेले आहेत. वीस वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट उष्णता धरून ठेवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात तापमानवाढीस कारण होणाऱ्या वायूंत मिथेनचे नाव घेतले आहे ते उगीच नव्हे.

यावर काही मंडळी म्हणतात, की पृथ्वी स्वतःच हा वायू सोडत आली आहे, त्याला माणसाने काय करावे? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण या लेखात सांगितलेले झरे, ज्योती आणि माती यांची तो साक्ष काढतो. इटलीचे भूशास्त्रज्ञ ज्युसेप्पे एतिओपे यांनी आयुष्यभर हेच मोजले. जमिनीवर पेट्या उपड्या ठेवून, त्यांत किती वायू जमतो हे पाहून, यानारताशपासून चिखलाच्या डोंगरांपर्यंत हिंडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे जमवले. त्यांवरून साऱ्या भूगर्भाचा वाटा वर्षाला ४ ते ६ कोटी टन असावा असा अंदाज निघाला. माणसाचे आणि निसर्गाचे मिळून वर्षाला सुमारे ६० कोटी टन मिथेन हवेत जाते. तेव्हा हा वाटा लहान नव्हे.

पण आजच्या हवेतून या अंदाजाची शहानिशा करता येत नाही. भूमीतून आपोआप आलेला जुना वायू आणि आपल्या विहिरींतून गळालेला जुना वायू, दोहोंत कार्बन-१४ नाही. हवेत मिसळल्यावर ते एकच. शिवाय अणुभट्ट्यांतूनही कार्बन-१४ असलेला थोडा मिथेन बाहेर पडतो आणि हिशेब आणखी बिघडतो. मग अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे बेंजामिन मील, वासिली पेत्रेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काळातली हवा शोधली, ज्या काळात तेलाच्या विहिरी नव्हत्या. ग्रीनलंडच्या हिमात अशी हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेली आहे. कार्बन-१४ चे मोजके अणू सापडावेत म्हणून एकेका नमुन्यासाठी सुमारे हजार किलो हिम वितळवावे लागले. उद्योगयुगापूर्वीच्या त्या हवेतला जो मिथेन कार्बन-१४ विरहित, तो पृथ्वीचा स्वतःचा. दुसरे कोणी तो सोडणारे नव्हतेच. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: पृथ्वीचा वाटा वर्षाला सुमारे १६ लाख टन, फार तर ५४ लाख टन. हे खरे असेल तर आजवर पृथ्वीच्या नावावर मांडलेले कोट्यवधी टन माणसाच्या खाती येतात. कोळसा, तेल आणि वायू यांच्या उद्योगांतून सुटणाऱ्या मिथेनचा अंदाज त्यामुळे २५ ते ४० टक्क्यांनी कमी धरला गेला होता, असे त्या शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

जमिनीवर मोजणाऱ्यांना हे पटलेले नाही. प्रत्यक्ष मोजलेला वायू नाही असे कसे म्हणायचे, असे ते विचारतात. आणि मोजक्या जागांवरून साऱ्या पृथ्वीचा गुणाकार कसा करायचा, असे हिमवाले विचारतात. दोन्हींकडे प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे आणि वाद मिटलेला नाही. आम्हांला हिमाची साक्ष अधिक वजनदार वाटते, कारण साऱ्या पृथ्वीची हवा तीत आपोआप मिसळून आलेली असते, तर जमिनीवरची पेटी ठेवली असेल तेवढ्या जागेपुरते बोलते. परंतु हे आमचे मत झाले. पृथ्वीचा वाटा मोठा निघाला तरी नळांची गळती त्याने माफ होत नाही, हे मात्र उभय पक्षांना मान्य आहे.

मिथेन हवेत जेमतेम दशकभर टिकतो, कार्बन डायऑक्साइडसारखा शतकानुशतके नव्हे. त्यामुळे गळती आज थांबली तर तिचा परिणाम याच पिढीला दिसेल. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारताने तेव्हा तीवर सही केली नाही. आपल्याकडचा मिथेन मुख्यतः भाताच्या खाचरांतून आणि गुरांच्या पोटातून येतो. त्यावर लहान शेतकऱ्याचे पोट अवलंबून आहे. कार्बन-१४ च्या कसोटीला लावले तर तो सारा ताजा निघेल, पिएत्रामालाच्या जातीचा नव्हे, आंजेराच्या चिखलाच्या जातीचा. तेलकंपनीच्या फुटक्या झडपेला आणि पालघरच्या आदिवासी शेतकऱ्याच्या खाचराला एकाच सुतळीने मापायचे की नाही, हा प्रश्न त्या परिषदेनंतरही सुटलेला नाही.